आक्षेप इमारतीला की प्रार्थनेला?

निवासी वसाहतीत मोठे चर्च उभे राहणार अशी कुणकुण लागली की आठ दिवसांत एक निवेदन तयार होते. नांदेड आणि लातूरच्या वाढीव वसाहतींत फिरणाऱ्या कार्यकर्त्यांना त्या निवेदनाचा साचा एव्हाना पाठ झाला असेल. पहिल्या परिच्छेदात रस्त्याची रुंदी, वाहनांची गर्दी, सांडपाणी आणि ध्वनिक्षेपक. दुसऱ्यात 'परिसराची शांतता'. आणि तिसऱ्यात, हळूच, धर्मांतर. खाली शंभर-दोनशे सह्या. त्यांत आपल्या साथींच्याही सह्या असतात, आणि माझे आजचे भांडण मुख्यतः त्यांच्याशी आहे. जे साथी सही करीत नाहीत त्यांच्याशीही आहे. पण ते पुढे.

पहिल्या परिच्छेदापासून सुरुवात करू, कारण तो खोटा नसतो. आपल्या शहरांच्या वाढीव वसाहती कशा वसल्या हे ज्याने पाहिले आहे त्याला त्यातली कळकळ समजेल. शेत विकले गेले, गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पडले, नऊ मीटरचा म्हणून नकाशात दाखविलेला रस्ता ओटे, पायऱ्या आणि उभ्या मोटारसायकली यांनी मिळून पाचाचा केला. सांडपाणी उघड्या गटारात, गटार पुढच्या मोकळ्या प्लॉटमध्ये. अशा ठिकाणी पाचशे माणसांचे सभागृह आले तर रविवारी सकाळी दवाखान्यात निघालेल्या बाळंतिणीची रिक्षा कोपऱ्यावर अडकेल, हा आक्षेप धर्मद्वेषाचा नाही. पाण्याचेही तसेच. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर. त्याच्या आदल्या महिन्यात पाणी वाटपाच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावण्याची पाळी प्रशासनावर आली होती. टाकीपाशी पाच माणसांनी जमणे हा गुन्हा ठरलेल्या शहरातल्या गृहिणीने शेजारी नवे बोअर पडताना पाहून 'आमच्या बोअरचे काय?' असे विचारले, तर तिला जातीयवादी म्हणणाऱ्याने आधी महिनाभर तिच्या घरी पाणी भरावे.

कायदाही तिच्या बाजूचा आहे. चेन्नईतील माधवरम हाय रोडवर 'चर्च ऑफ गॉड (फुल गॉस्पेल)' या पंथाचे प्रार्थनागृह होते. ड्रम, गिटार आणि ध्वनिक्षेपक यांसह तेथे प्रार्थना चाले. शेजारच्या के. के. आर. मॅजेस्टिक कॉलनीच्या रहिवासी संघाने १९९६ मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार केली. प्रकरण उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० ऑगस्ट २००० रोजी निकाल लागला. चर्चचे म्हणणे असे, की अल्पसंख्याकांच्या उपासनेत अडथळा आणण्याच्या अंतस्थ हेतूने ही तक्रार झाली आहे. शिवाय गोंगाट आहे तो रस्त्यावरच्या वाहनांचा. हा युक्तिवाद टिकला नाही. दुसऱ्याची शांतता बिघडवून प्रार्थना करा असे कोणताही धर्म सांगत नाही, वाद्ये आणि ध्वनिक्षेपक हे धर्माचे सांगणे नव्हे, आणि शेजारच्या तान्ह्या मुलांना, वृद्धांना, आजाऱ्यांना व अभ्यास करणाऱ्यांना स्वस्थतेचा हक्क आहे, अशा आशयाचा निर्वाळा न्यायालयाने दिला. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आज सर्वांना सारखी लागू आहे. पण त्या निकालातली दुसरी गोष्ट आपले निवेदनकर्ते सोयीस्करपणे विसरतात. चर्च तेथून हलवा असे न्यायालयाने म्हटले नाही. आवाज मर्यादेत ठेवा, एवढेच म्हटले. प्रार्थना चालूच राहणार होती.

आता ज्या वसाहतीतून निवेदन निघते तिच्यात एक फेरी मारून या. रेखांकनात मुलांसाठी म्हणून सोडलेली दहा टक्के खुली जागा शोधा. ती सापडते, पण तिच्यावर बहुधा एक देऊळ असते. देवळापुढे 'सामाजिक सभागृह' या नावाखाली आमदार निधीतून बांधलेला मंडप असतो, आणि मंडपावर त्या आमदारांचे नाव देवाच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत असते. सप्ताहात आठ दिवस कर्णे. पलीकडच्या गल्लीत मंगल कार्यालय. लग्नसराईत रात्री बारापर्यंत वरात. लातुरात तर शिकवण्यांच्या वर्गांनी आणि वसतिगृहांनी वसाहतीच्या वसाहती गिळल्या. एका वर्गाच्या सुटण्याच्या वेळी जेवढी मुले रस्त्यावर येतात तेवढी माणसे त्या चर्चमध्ये नाताळलाही जमणार नाहीत. याविरुद्ध निवेदन निघाल्याचे मला आठवत नाही. शिकवणीच्या इमारतीचे भाडे कोणाच्या तरी घरात येते, हे त्याचे कारण असावे.

आणखी एक गंमत. 'चर्चची इमारत विनापरवाना आहे' असे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांची स्वतःची घरे गुंठेवारीतली असतात. ती नियमित करावीत यासाठी २००१ मध्ये कायदा झाला, २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांसाठी वाढविण्यात आली, आणि त्यासाठी आपणही मोर्चे काढले. ते बरोबरच होते, कारण गरिबाला दुसरीकडे जागा परवडत नव्हती. मग तोच न्याय त्या मंडळीला का नाही? मराठवाड्यातल्या चर्चमध्ये रविवारी जमणारी माणसे कोण आहेत? बहुतेक महार-मांग समाजांतून आलेली, मोलमजुरी, गवंडीकाम, धुणीभांडी, फार तर शिक्षकी वा परिचारिकेची नोकरी करणारी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दाखलाही मिळत नाही. जिथे प्लॉट स्वस्त, तिथे त्यांनी वर्गणी काढून जागा घेतली. ती जागा आता 'प्रतिष्ठित निवासी भागात' मोडते, कारण मागाहून आपण तिथे राहावयास आलो.

तिसऱ्या परिच्छेदाचा, म्हणजे धर्मांतराचा, मुद्दा मांडणाऱ्यांना त्यांच्या आजोबांची आठवण करून दिली पाहिजे. १९३८-३९ साली मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. नवे देऊळ बांधावयाचे, जुन्याची डागडुजी करावयाची, आर्य समाजाला हवनकुंड उभारावयाचे, तर सरकारच्या धर्मखात्याची परवानगी लागे. नियम शब्दांत सर्वांना सारखा होता. कारणही अगदी आजच्यासारखे दिले जाई: परिसराची शांतता, शेजाऱ्यांच्या भावना. प्रत्यक्षात परवानगीचे कागद वर्षानुवर्षे पडून राहात आणि ते कोणाचे पडून राहात हे सर्वांना ठाऊक होते. त्याविरुद्ध आर्य समाजाने सत्याग्रह केला, हजारो माणसे तुरुंगात गेली. उदगीरचे वकील भाई श्यामलाल १९३८ मध्ये बीदरच्या तुरुंगात मरण पावले. त्या आंदोलनाच्या धार्मिक रंगाबद्दल आपल्या परंपरेत तेव्हाही शंका होत्या. स्वामी रामानंद तीर्थांच्या स्टेट काँग्रेसने आपला सत्याग्रह डिसेंबर १९३८ मध्ये थांबविला, त्यात दोन्ही चळवळींची सरमिसळ होऊ नये हाही विचार होता. पण मूळ मागणी न्याय्य होती. प्रार्थनेची जागा बांधण्यासाठी सत्ताधाऱ्यांच्या धर्माची मर्जी लागू नये, ही ती मागणी. उदगीर आज लातूर जिल्ह्यात आहे. त्या लढ्याची आठवण म्हणून दर १७ सप्टेंबरला झेंडावंदन करणाऱ्यांनी १८ तारखेला तसलाच परवाना एका लहानशा ख्रिस्ती मंडळीकडे मागावा, यापरता विसरभोळेपणा कोणता?

आणि त्या इतिहासाचे दुसरे पानही फाडून टाकता येणार नाही. सप्टेंबर १९४८ नंतर मराठवाड्यात मुसलमानांवर जे गुदरले त्याची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीने सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत नांदेड आणि उस्मानाबाद यांची गणना केली होती. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. परवाना देणारा हात बदलला म्हणजे न्याय होतो असे नाही, हे या मातीने एका दशकात दोनदा पाहिले.

या भागात धर्मस्थळाच्या भोवतीच्या वस्तीवर खरोखर मोठा नांगर फिरला तो कोणत्या चर्चमुळे? कोणत्याच नाही. तो सरकारने फिरविला, नांदेडमध्ये, २००८ साली. गुरू गोविंदसिंग १७०८ मध्ये नांदेडला निवर्तले. त्यांच्या स्मृतीचे सचखंड हुजूर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. महाराजा रणजितसिंगांनी १८३० च्या दशकात बांधविलेली ती वास्तू या शहराचे भूषण आहे, आणि तेथल्या लंगरात जात न विचारता पोट भरलेल्या माणसांत मीही आहे. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीची त्रिशताब्दी आली. त्या निमित्ताने केंद्राच्या डिसेंबर २००५ मध्ये सुरू झालेल्या नागरी पुनरुत्थान अभियानात नांदेडचा समावेश झाला. महाराष्ट्रातून निवडलेली शहरे पाच: मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक आणि २००१ च्या जनगणनेत जेमतेम सव्वाचार लाख वस्तीचे नांदेड. लातूरला जागा नव्हती, औरंगाबादलाही नव्हती. रस्ते झाले, पूल झाले, घाट झाले, विमानतळ झाला. त्यांतले पुष्कळ शहराच्या उपयोगाचे आहे, हे नाकारण्याचा कोतेपणा मी करणार नाही. पण गुरुद्वाऱ्याभोवतीचा परिसर रुंद आणि देखणा करावयाचा म्हणून तिथली घरे आणि दुकाने हटली. पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबांपुढे तारीख ठेवण्यात आली, आणि ती तारीख त्यांच्या पुनर्वसनाची नव्हती, सोहळ्याची होती. रस्ता किती रुंद हवा हे ठरले ते त्या काही दिवसांत येणाऱ्या भाविकांच्या संख्येवरून. त्या रस्त्यावर वर्षाचे ३६५ दिवस भाजी विकणाऱ्या बाईला कोणी मोजले नाही.

हा प्रश्न शीख विरुद्ध इतर असा नव्हताच. गुरुद्वाऱ्याचे मंडळ १९५६ च्या हैदराबाद राज्याच्या कायद्याने चालते, आणि सरकार त्यातही हात घालण्यास चुकत नाही: फेब्रुवारी २०२४ मध्ये मंडळासंबंधीच्या नव्या कायद्याला मंत्रिमंडळाने मान्यता दिली तेव्हा शीख समाज रस्त्यावर उतरला आणि सरकारला थांबावे लागले. भाविकांचे म्हणणे ऐकले गेले, ते योग्यच झाले. २००८ च्या आधी ज्यांची दुकाने गेली त्यांच्यासाठी कोण रस्त्यावर उतरले होते? आपण उतरलो होतो काय? ज्या मध्यमवर्गाला आज एका चर्चच्या मजल्याची उंची खुपते, त्याने तेव्हा नव्या रस्त्यावरून मोटार फिरवून 'शहर सुधारले' असे म्हटले. घरे दुसऱ्याची गेली होती.

आता सही न करणाऱ्या साथींकडे वळतो. त्यांचे म्हणणे असते, मामला अल्पसंख्याकांचा आहे, वातावरण विषारी आहे, आपण गप्प बसावे. वातावरण विषारी आहे हे खरे. परंतु गप्प बसल्याने ते निवळत नाही. रस्त्याचा, पाण्याचा, गटाराचा प्रश्न आपण हाती घेतला नाही तर तो घेणारे दुसरे टपलेलेच आहेत. ते पहिला परिच्छेद उचलतात आणि तिसऱ्याच्या वाटेने चालू लागतात. शिवाय घटनेच्या २५ व्या कलमातले धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन आहे, हे आपण देवळांना आणि मशिदींना ऐकवतो आणि चर्चपाशी आल्यावर जीभ चावतो. ही अल्पसंख्याकांवरची माया नव्हे. त्यांना बरोबरीचे नागरिक न मानण्याचाच तो एक सभ्य प्रकार आहे. एखाद्या संपन्न धर्मसंस्थेने, मग तिचा धर्म कोणताही असो, वाहनतळ दाखवून परवानगी घ्यावी आणि वाहनतळाच्या जागी दुकानांचे गाळे काढून भाड्याने द्यावेत, तर तिथे शेजाऱ्यांबरोबर आपण उभे राहिलेच पाहिजे.

जगात या दोन्ही टोकांना गेलेले देश आहेत. २९ नोव्हेंबर २००९ रोजी स्वित्झर्लंडने सार्वमत घेऊन मशिदींना मिनार बांधण्यास बंदी केली, ५७.५ टक्के मते बंदीच्या बाजूने पडली. त्या वेळी साऱ्या देशात मिनार होते चार! बांधकामाचा नियम म्हणून आणलेली ती गोष्ट बांधकामाची नव्हतीच. उलट अमेरिकेने, आपला चेन्नईचा निकाल लागल्यानंतर महिन्याभरातच, सप्टेंबर २००० मध्ये कायदा करून धर्मसंस्थांच्या जमीनवापरावर नगरपालिकांनी जाचक बंधने घालू नयेत अशी तरतूद केली. तिचा आधार लहान, नकोशा मंडळींना मिळतो, तसाच हजारो गाड्यांचे वाहनतळ असलेल्या महाकाय चर्चनाही मिळतो, आणि शेजारचा घरमालक नगरपालिकेच्या दारात हात चोळीत बसतो. आपल्याला यांतले कोणतेच टोक नको.

आपल्याकडे नियम नाही असेही नाही. १ मे २००६ रोजी वडोदऱ्यात एक जुना दर्गा महापालिकेने पाडला, दंगल झाली, माणसे मेली. धर्मस्थळांच्या अतिक्रमणांचे प्रकरण गुजरातहून सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २९ सप्टेंबर २००९ रोजी आदेश झाला: सार्वजनिक रस्ता, उद्यान किंवा अन्य सार्वजनिक जागेवर देऊळ, चर्च, मशीद, गुरुद्वारा यांपैकी कोणाच्याही नावाने यापुढे अनधिकृत बांधकाम होऊ देऊ नये. आधीच्या बांधकामांचा विचार एकेक प्रकरण पाहून करावयाचा. महाराष्ट्र सरकारने ५ मे २०११ रोजी निर्णय काढला. नियमित करावयाची, हलवावयाची आणि पाडावयाची अशी वर्गवारी ठरली. कोणत्याही महापालिकेत जाऊन ती यादी मागा. यादीत कोणत्या धर्माची किती स्थळे आहेत हे मोजा, आणि मग जुलै २०२५ मध्ये विधानसभेत महसूल मंत्र्यांनी केलेली घोषणा वाचा. धुळे-नंदुरबारच्या आदिवासी भागातली अनधिकृत चर्च पाडणार, अशी ती होती. अनधिकृत धर्मस्थळे नव्हे, अनधिकृत चर्च. राज्यातल्या चौकाचौकांत, नाल्यांवर, शाळांच्या मैदानांत उभी असलेली बाकीची बांधकामे सरकारला दिसत नाहीत काय? दिसतात, त्यांच्या उद्घाटनाच्या कोनशिलांवर सरकारचीच नावे आहेत. कायद्याचा असा एकडोळी वापर हेच तिसऱ्या परिच्छेदाचे राज्यरूप आहे, आणि वसाहतीतल्या निवेदनावर विचार न करता केलेली आपली सही शेवटी त्या घोषणेच्या फायलीला जाऊन चिकटते. म्हणून सही करण्यापूर्वी कागद शेवटपर्यंत वाचावा, एवढी अपेक्षा साथींकडून ठेवणे फार नाही.

लातूरचेच एक उदाहरण डोळ्यांपुढे आहे. गंजगोलाई १९१७ ची. फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने ती आखली: वर्तुळाकार बाजार, भोवती १६ रस्ते, प्रत्येक रस्त्याला आपापला व्यापार, आणि मध्यभागी जगदंबेचे देऊळ. एका मुसलमान नगररचनाकाराने निजामी राज्यात देवीला शहराच्या मधोमध जागा दिली आणि तिच्याकडे येणाऱ्या माणसांसाठी आधी वाटा काढल्या. देवळाला जागा असावी की नाही, या वादात तो पडला नाही. गर्दी कुठून येईल आणि कुठून जाईल हे त्याने पाहिले. आज १९६६ चा प्रादेशिक व नगररचना कायदा हाताशी असताना आपल्या महापालिकांना तेवढेही जमत नाही. विकास योजनेत धर्मस्थळांसाठी, सभागृहांसाठी रुंद रस्त्यावर पुरेशा जागा आखावयाच्या, त्या लहान समाजांनाही परवडतील अशा भाडेपट्ट्याने द्यावयाच्या, हे त्यांना सुचत नाही. मैदानासाठी राखलेली जमीन दहा वर्षांत घेतली नाही म्हणून १२७ व्या कलमाची नोटीस येते, मुदत टळते, आरक्षण उडते, आणि पालिकेत कोणाच्या डोळ्याला पाणी येत नाही. मोकळ्या जागेची ही लूट करणारे कोण, हे वसाहतीत सर्वांना माहीत असते. त्यांच्याविरुद्ध निवेदन देणे मात्र जोखमीचे. ते निवडणुकीला उभे असतात.

तेव्हा कार्यकर्त्यांनी करावयाचे काम साधे पण पायपिटीचे आहे. निवेदनाचा पहिला परिच्छेद ठेवावा, दुसऱ्यातला 'परिसराची शांतता' हा मोघम शब्द काढून डेसिबल, वेळ आणि ध्वनिक्षेपकांची संख्या घालावी, तिसरा परिच्छेद कापावा. कापू न देणाऱ्यांना सही न करण्याचे कारण भर बैठकीत सांगावे. नकाशा माहितीच्या अधिकारात मागवावा. वाहनतळ, शोषखड्डा, पावसाच्या पाण्याचे पुनर्भरण, आगीच्या वेळी बाहेर पडण्याची दुसरी वाट, हे सारे तपासावे. आणि तोच तक्ता खुल्या जागेवरच्या देवळाच्या मंडपाला, मंगल कार्यालयाला आणि शिकवणीच्या इमारतीलाही लावावा. कागद पालिकेत देण्याआधी तो घेऊन चर्चच्या पाळकांकडे जावे. बहुतेक ठिकाणी रविवारच्या दोन प्रार्थना वेगवेगळ्या वेळी घेणे, गाड्या शाळेच्या आवारात लावणे, कर्णा आत वळविणे यांवर तासाभरात बोलणे होऊ शकते. शेजाऱ्यांपैकी कोणी त्यांच्या दारात गेलेलेच नसते. बोलणे झाले की दुसरा कागद काढावा, वसाहतीच्या खुल्या जागेचा, आणि त्यावर सही करण्याची विनंती त्याच बैठकीत त्यांना करावी.